तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं दुखत असून हसतमुख कशा?

सांगलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. माप घेताना माझे हात गिऱ्हाइकाच्या अगदी डोळ्यांसमोर येतात. उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मनगट सुजट, मुठीचे सांधे वर आलेले. टेप खांद्यावरून दंडावर येईपर्यंत समोरची बाई गप्प असते, मग विचारतेच, "ताई, एवढं दुखत असेल, तरी कायम हसतमुख कशा हो तुम्ही? आम्हालाही सांगा की."

उत्तर तिच्या मनात तयार असतं. ध्यान, नामस्मरण, पहाटेचा प्राणायाम, नाहीतर एखादं शिबिर. मी म्हणते, "गोळ्या वेळेवर घेते." त्यावर तिचा चेहरा पडतो. खरं गुपित मी सांगितलंच नाही असं तिला वाटतं. तोंडात टाचण्या धरून उभ्या उभ्या याहून जास्त बोलता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वय झाल्यावर गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि सूज तशीच राहिली तर हाड कडेनं कुरतडलं जातं. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो. बहुतेक वेळा दोन्ही हात सारखेच धरतो, आणि खरा छळ सकाळचा.

माझी सुरुवात ऐन लग्नसराईत झाली, चाळिशीच्या जरा अलीकडे. सकाळी मूठ मिटेना. दुधाची पिशवी दातानं फोडायची, कुकरचं झाकण दोन्ही तळव्यांत दाबून अंगाच्या जोरावर फिरवायचं, वेणी घालायला शेजारच्या काकूंना हाक मारायची. दहा-साडेदहाला बोटं सुटायची आणि मी मशीनवर बसायचे. घरच्यांना वाटे, दिवसभर तर हिचे हात चालतात, मग सकाळीच काय होतं? बोटातली अंगठी निघेना तेव्हा सोनारानं ती कापून काढली, आणि त्यानंच पहिल्यांदा सांगितलं की ही सूज साधी दिसत नाही, डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवसांत मी हसतमुख वगैरे काही नव्हते. अंगात बारीक कणकण, भूक मेलेली, ताटावर बसलं तरी उठावंसं वाटू नये. मुलानं काही विचारलं की अंगावर धावून जायचे. पुढे डॉक्टरांनी समजावलं की ही उदासी रोगाच्या बाहेरची नसते. सांधे सुजवणारी जी रसायनं रक्तातून फिरतात, ती मेंदूलाही सोडत नाहीत. थकवा, झोप उडणं, मन खचणं हे सगळं त्या सुजेच्या जोडीनं येतं. मला कोणी तेव्हाच हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळे सांगत होते, मन खंबीर ठेव.

सल्ले तर विचारू नका. निर्गुडीचा पाला, रुईचं पान तव्यावर गरम करून, रात्री एरंडेल, मनगटात तांब्याचं कडं. आंबट बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ बंद आणि वांगं तर अजिबात नाही. कृष्णाकाठी राहून वांगं सोडायचं! सोडलं होतं, वर्षभर. सुजेत काडीचा फरक नाही. आता भरलं वांगं करते आणि मिटक्या मारत खाते. निर्गुडीच्या शेकानं मात्र बरं वाटतं, ते मी अजून करते. शेक हा शेकच, त्यानं आतला रोग थांबत नाही एवढं लक्षात ठेवलं की झालं.

निदान झालं मिरजेला. सांध्यांच्या डॉक्टरांकडे बाकड्यावर बसलं की निम्मं बोलणं कानडीत ऐकू येतं. बेळगाव, विजापूरकडून पहाटेची गाडी धरून लोक येतात. सगळ्यांच्या हातात फाइल, आणि फाइल धरायची पद्धतही एकच, दोन्ही मनगटांच्या मध्ये. रक्त तपासलं, हातापायांचे एक्स-रे काढले आणि मेथोट्रेक्सेट सुरू झालं.

या गोळीबद्दल नीट सांगते, कारण घोटाळे इथेच होतात. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे सोमवार ठरलाय आणि पाकिटावर मी ठळक मार्करनं 'फक्त सोमवार' लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, म्हणजे एका जीवनसत्त्वाची गोळी. मंगळवारी मळमळतं, म्हणून मंगळवारी मी कापड कापत नाही, फक्त माप आणि हिशोब. ठरावीक काळानं रक्त तपासून यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी ठीक आहेत ना ते बघावं लागतं. पहिली पाकिटं आणली तेव्हा औषधाच्या दुकानातला पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, ही तर कॅन्सरची गोळी आहे." गल्लीत दोन दिवस तीच चर्चा. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. कॅन्सरवर हे औषध फार मोठ्या प्रमाणात देतात. आमवातात आठवड्याला थोडंसंच पोटात जातं, आणि अमेरिकेत १९८८ पासून ते या रोगासाठी मान्य आहे.

गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर काहीच घडत नाही असं वाटतं आणि नेमक्या याच काळात लोक गोळी सोडतात. मी रडतखडत घेत राहिले. मग एका सकाळी पदराला पिन लावली. पूर्ण लावून झाल्यावर लक्षात आलं की कोणाला हाक न मारता लावली. त्या दिवशी मुलाशी मी सरळ बोलले. मन खंबीर करायचा कुठलाही अभ्यास मी त्या महिन्यात केलेला नव्हता. सूज उतरली, म्हणून माणसात आले.

तर मला सांगायचंय ते हे. तुम्ही जिला माझी सकारात्मकता म्हणता, ती औषध लागू पडल्याची खूण आहे. ती आधी येते आणि मग रोग पळतो, असा क्रम नाही. लोक उलटा लावतात.

मी वाचते बऱ्यापैकी, त्यात एक जुनी हकिगत सापडली. १९४८ साल, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. २९ वर्षांची एक बाई, आमवातानं जवळजवळ अंथरुणाला खिळलेली. फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी तिला तेव्हा अगदी नवं असलेलं कॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड टोचलं. आठवड्याभरात ती चालत गावात गेली आणि खरेदी करून आली. तिला कोणी आनंदी राहायचं शिकवलं नव्हतं. हेंच यांना केंडाल आणि राइकस्टाइन यांच्याबरोबर १९५० चं नोबेल मिळालं. पुढचा भाग मात्र कोणी आवडीनं सांगत नाही. त्या औषधाची किंमतही लवकरच दिसली; तोंड सुजणं, वजन वाढणं, हाडं ठिसूळ होणं. म्हणून आता स्टेरॉइड देतात ते जपून, कमीत कमी आणि लागेल तेवढेच दिवस.

हे अशासाठी सांगितलं की त्याच जातीचं स्टेरॉइड गावोगावी पुडीत मिसळून विकलं जातं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना बिननावाच्या पुडीनं चार दिवसांत असा गुण आला की त्या मलाही आग्रह करू लागल्या. काही महिन्यांत त्यांचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली आणि पुडी बंद करताच दुखणं दुपटीनं उसळलं. चार दिवसांत सांधे मोकळे करणारी पुडी दिसली तर आधी संशय घ्या.

दुसरी बाई याहून जिवाला लागलेली. मिरजेच्या त्याच बाकड्यावर ओळख झाली, माझ्यापेक्षा वयानं लहान, शाळेत शिकवायची. कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की हा रोग मनातल्या साचलेल्या रागाचा आहे, तू क्षमा करायला शीक, गोळ्यांची गरज उरणार नाही. तिनं खरोखर गोळ्या सोडल्या. दुखलं की तिला वाटे, आपली क्षमाच अजून कमी पडतेय. या रोगात हाडांचं बरंच नुकसान पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊन बसतं आणि बोट एकदा वाकलं की गोळीनं सरळ होत नाही. परत आली तेव्हा तिला खडू धरता येत नव्हता. दुखण्यावर दुखणं म्हणजे वर तिलाच अपराधी वाटत होतं. मला "पॉझिटिव्ह राहा" या वाक्याची चीड आहे ती यामुळे. ऐकायला गोड, पण बरं होण्याची सगळी जबाबदारी ते आजारी माणसावर टाकतं आणि बोलणारा मोकळा.

तुमच्यापैकी कोणीतरी मला रेन्वारची गोष्ट फॉरवर्ड करतंच. फ्रान्सचा मोठा चित्रकार, बोटं आमवातानं पार आखडलेली, तरी १९१९ मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत राहिला. खरी गोष्ट आहे, मला आवडतेही. फक्त फॉरवर्डमध्ये हे नसतं की त्याच्या हातात कुंचला कोणीतरी धरवून द्यायचं, तो उबदार हवेच्या गावी राहायला गेला होता, आणि म्हातारपणी त्यानं मूर्ती केल्या त्या रिशार गिनो नावाच्या तरुण शिल्पकाराच्या हातांनी, स्वतः सांगून. जिद्द होतीच, पण जिद्दीच्या आजूबाजूला माणसं होती.

माझ्याही आजूबाजूला आहेत. जड कापड कापायचं काम आता माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी करते. खडूची रेघ माझी, कात्री तिची. पायाचं मशीन काढून मोटरचं घेतलं. अंगुस्तान आता बोटात जात नाही, त्यामुळे हुक-काजाची हातशिलाई पलीकडच्या गल्लीतल्या आजींकडे जाते, नगावर पैसे. माझ्या स्वतःच्या कात्रीच्या मुठीला मी चिंध्यांची जाड पट्टी गुंडाळलीय. मूठ जाड असली की बोटं कमी आवळावी लागतात, हे मला फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखवलं. सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटं एकेक करून उघडायची-मिटायची, मग चहा. भाकरी थापायचं सोडलं. पोळी-भाकरी केंद्रातून आणतो आणि सासूबाईंनी त्यावर पहिले काही दिवस केलेली मुद्रा मी आयुष्यभर विसरणार नाही.

एवढं करूनही रोग अधूनमधून उसळतो. कधी दगदगीनं, कधी ताप-खोकल्यानंतर, कधी काहीच कारण नसताना. त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढते आणि कोणाशी हसत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे: आज आईला "कसं वाटतंय" विचारायचं नाही, डबा उघडून द्यायचा. मनसोक्त कुरकुर करते. कुरकुरीनं माझं कधी वाईट झालेलं नाही. पण मन काळं होऊन आठवडेच्या आठवडे उठत नसेल, तर ती कुरकुर नव्हे. ते डॉक्टरांना सांगायचं आणि लागली तर त्याचीही गोळी घ्यायची. मी घेतली आहे. लाज वाटली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा घर सोडताना मशीन कसंबसं माळ्यावर चढवलं, पण सगळ्यात आधी कमरेला बांधली ती गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी. पुढच्याच वर्षी करोनात दुसरा प्रकार. मी घेते त्यातलं एक औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, त्यासाठी दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात. मार्च २०२० मध्ये ते करोनावर चालतं म्हणून बोलबाला झाला आणि दुकानांतून गायब झालं. धडधाकट माणसांनी कपाटात भरून ठेवलेलं आणि आम्ही चिठ्ठी हातात घेऊन या दुकानातून त्या दुकानात. तेव्हा माझी सकारात्मकता बघायला यायला हवं होतं कोणीतरी.

तुमच्या घरात कोणाला हा त्रास असेल आणि म्हणून तुम्ही मला विचारत असाल, तर हसायचं कसं ते मला विचारू नका. सकाळी बोटं अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का, दोन्ही हातांना सारखी सूज आहे का, हे बघा आणि असेल तर थेट सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मालिशवाला, पुडीवाला करत महिने घालवू नका. औषध चालू असेल तर रक्ततपासणीची तारीख तुम्ही लक्षात ठेवा. बरणीचं झाकण घट्ट लावू नका.

आणि कामाचं: यंदा गौरी-गणपतीच्या ऑर्डरी मी मोजक्याच घेणार आहे. हातशिलाईचा गळा हवा असेल तर कापड आषाढातच आणून टाका. मंगळवारी कापड कापून मिळणार नाही, मापाला मात्र खुशाल या.