बत्तीस ओळी आणि एकच १७९.९९

"मॅडम, माझी बेरीज १७९.९९ येतेय. तसंच लिहू का?"

तास संपायला चारेक मिनिटं उरली होती. दोन लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. "जे आलंय तेच लिही," असं घाईत सांगून मी पुढच्या बाकाकडे वळले. याला दहा दिवस झाले, पण तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

मी आठवीला गणित शिकवते. त्या दिवशी त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेचं प्रमेय होतं आणि साधन होतं जिओजेब्रा हा भूमितीचा संगणक प्रोग्राम. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना ते बनवायला घेतलं. गणिताच्या शिक्षकाच्या हातात यापेक्षा चांगलं काही आलेलं मी पाहिलेलं नाही. फळ्यावरचा त्रिकोण काढला की संपला. इथे शिरोबिंदू धरून ओढला की कोन बदलताना दिसतात.

पण त्यामागे तयारी बरीच लागते, आणि ती कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. प्रशिक्षणात बटणं दाखवतात. आदल्या दिवशी मी प्रत्येक लॅपटॉपवर ऑफलाइन आवृत्ती उघडून पाहिली, कारण बत्तीस मुलांनी एकाच वेळी इंटरनेटवरून काही उघडायचं म्हटलं की चाळीस मिनिटांतली दहा तिथेच जातात. मग बिंदूंचं ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या चौकटींच्या जाळ्याला, आपोआप चिकटणं बंद केलं. ते चालू राहिलं तर बऱ्याच जणांचे त्रिकोण ४५ आणि ९० अंशांचे होतात. दशांशस्थळं दोन ठेवली. कोन मोजताना तीन बिंदू कोणत्या क्रमाने निवडायचे तेही आधी सांगून ठेवलं, कारण क्रम उलटा झाला तर आतला कोन न दिसता बाहेरचा मोठा कोन दिसतो. कुणाची बेरीज ९०० आली की न बघताच कळतं, तिन्ही वेळा क्रम उलटा गेलाय.

काम साधं होतं. प्रत्येकाने स्वतःचा त्रिकोण काढायचा, तीन कोन वाचायचे, हाताने बेरीज करायची आणि सामायिक गूगल शीटमध्ये आपली ओळ भरायची. बेरजेचं सूत्र शीटमध्ये मी मुद्दामच घातलं नव्हतं. मुलांनी बेरीज स्वतः करावी एवढाच हेतू होता.

तासाच्या शेवटी शीट भरली. एकतीस ओळींत १८० आणि एका ओळीत १७९.९९. मी खूश झाले. त्या एका ओळीबद्दल दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं बोलावं असं ठरवलं. प्रोग्रामच्या पोटात कोन पुष्कळ अंकांपर्यंत असतो, पडद्यावर फक्त दोन दशांशस्थळं दिसतात. समजा कोन ६१.३७४, ५२.२८४ आणि ६६.३४२ आहेत. बेरीज बरोबर १८०. पण पडद्यावर दिसतात ६१.३७, ५२.२८ आणि ६६.३४, आणि त्यांची बेरीज होते १७९.९९. मुलीचं चुकलं नव्हतं, प्रोग्रामचंही नाही.

रात्री हे उदाहरण वहीत मांडताना सहज विचार आला, असं किती वेळा होत असेल? हिशेब फार अवघड नाही. पहिल्या दोन कोनांत राउंडिंगमुळे, म्हणजे माप जवळच्या दोन दशांशस्थळांपर्यंत आणल्यामुळे, आलेल्या चुकांची बेरीज ०.००५ च्या आत असेल तर तिसऱ्या कोनात ती भरून निघते. त्याबाहेर गेली तर निघत नाही, आणि एकूण १७९.९९ किंवा १८०.०१ येते. असं होण्याची शक्यता निघाली जवळजवळ एक चतुर्थांश.

म्हणजे बत्तीस मुलांत साधारण आठ. माझ्याकडे एकच होती.

मी शीट पुन्हा उघडली. प्रत्येक चौकटीवर उजवी क्लिक केली की आधी तिथे काय लिहिलं होतं तो इतिहास दिसतो. एकेक ओळ पाहत गेले. सहा ओळींत आधी १७९.९९ किंवा १८०.०१ होतं आणि नंतर ते बदललं होतं. दोघांनी फक्त बेरीज बदलली होती. चौघांनी बेरीज बदलून एक कोनही ०.०१ ने पुढेमागे केला होता, ओळ अगदी निर्दोष दिसावी म्हणून. त्या चौघांत माझ्या वर्गातली सर्वांत नीटनेटकी वही असलेला मुलगा होता.

मला राग आला नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. ही मुलं लबाडी करत नव्हती. बरोबर उत्तर माहीत असताना वेगळं काही दिसलं तर जे दिसलं तेच चूक, असं त्यांनी धरलं होतं. आणि तासाच्या सुरुवातीला, त्यांनी एकही कोन मोजण्याआधी, मीच फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते.

शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तर संगणक कक्ष सांभाळणारे सहकारी म्हणाले, "बेरजेचं सूत्र घालायचं होतं आणि दशांश काढून टाकायचे होते, मग हा घोळच झाला नसता." माणूस मदतीला सदैव तयार, पण त्यांचा हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. दशांश काढले तरी चारातल्या एका त्रिकोणाची बेरीज १७९ किंवा १८१ येतच राहील. आणि सूत्र घातलं असतं तर मुलांनी फक्त कोन बदलले असते. शाळेत तंत्रज्ञानाचा हिशेब मात्र कक्ष किती तास वापरला यावरच ठेवतात. त्या नोंदवहीत माझा हा तास यशस्वी म्हणून लागला आहे.

दुसऱ्या दिवशी कुणाचंही नाव घेतलं नाही. प्रोजेक्टरवर त्या मुलीचा त्रिकोण उघडला, खालच्या पट्टीत अल्फा अधिक बीटा अधिक गॅमा असं टाइप केलं आणि उत्तर आलं १८०. तेच तीन आकडे वाचून हाताने मिळवले तर १७९.९९. वर्ग शांत झाला. जमिनीची मोजणी करणारे लोकही कोन मोजतात, त्यांचीही बेरीज क्वचितच नेमकी येते, आणि किती फरक पडला ते ते आधी लिहून ठेवतात, दुरुस्ती त्यानंतर, हे मी सांगितलं. मग एकाने विचारलं, "मोजून कधीच नक्की कळणार नसेल, तर १८० च असतं हे कळलं कसं?" शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून केलेली सिद्धता इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा वर्ग मला आजवर मिळाला नव्हता.

तास संपल्यावर नीटनेटक्या वहीचा तो मुलगा टेबलापाशी आला. "मॅडम, काल माझी १८०.०१ आली होती. मी कोन बदलला."

"का रे?"

"मला वाटलं, मला नीट वाचता आलं नाही."

मी त्याला बरोबर काय सांगायला हवं होतं, ते अजून ठरत नाहीये. "पुढच्या वेळी आधी मला दाखव," एवढंच म्हणाले.

उद्या दुसऱ्या तुकडीचा तास आहे. फळा कोरा ठेवला तरी त्रिकोणाचं उत्तर त्यांना आधीपासून पाठ आहे, म्हणून त्रिकोण देणारच नाही. पाच टोकांची चांदणी देणार आहे. पाच टोकांच्या कोनांची बेरीज किती, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसावं. पाच कोन असल्यामुळे १७९.९८ पासून १८०.०२ पर्यंत काहीही येऊ शकतं. शीटमध्ये एक रकाना वाढवला आहे: "पडद्यावर काय दिसलं". रात्री चौकटींचा इतिहास उघडून पाहणार आहे.