इतिहासाच्या तासाला भेटलेली अमेरिका

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना मला आमच्या इतिहासाच्या सरांचे दोन तास प्रकर्षाने आठवतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका प्रारंभी अलिप्त राहिली, एवढ्या एका विधानावर त्यांनी ते खर्च केले आणि अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून वर्गात कुरकूरही झाली.

अमेरिकी जनतेला भित्री किंवा आपमतलबी ठरवून मोकळे होण्याआधी तिने काय भोगले होते ते पाहा, असा सरांचा आग्रह असे. युरोपच्या राजकारणात कायमचे गुंतू नये, हा पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा १७९६चा सल्ला तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या घोषणेच्या बळावर अध्यक्ष विल्सन १९१६ साली पुन्हा निवडून आले आणि १९१७च्या एप्रिलमध्ये देश पहिल्या महायुद्धात उतरला. त्यात सुमारे १,१६,००० अमेरिकी सैनिक दगावले. पदरात पडला तो युद्धानंतरचा व्हर्सायचा तह, जो त्यांच्याच सिनेटने फेटाळला. युरोपला दिलेली बहुतेक कर्जे थकली. पुढे मंदीने जवळपास चौथा हिस्सा कामकरी बेकार केले, तेव्हा परक्यांची भांडणे निस्तरण्याचा उत्साह कोणाला उरणार?

१९३४ पासून सिनेटर नाय यांच्या समितीने दारूगोळ्याचे कारखानदार आणि पेढीवाले यांच्या युद्धकाळातील नफ्याची जाहीर चौकशी केली. त्यांनीच देशाला युद्धात ढकलले, हे काही तिला सिद्ध करता आले नाही. पण ज्यांच्या घरची मुले फ्रान्सच्या मातीत पुरली गेली होती, त्यांना नफ्याचे आकडेच पुरेसे बोलके वाटले असावेत. १९३५ पासून तटस्थतेचे कायदे होत गेले. देशावर हल्ला झालेला नसेल, तर युद्ध पुकारण्यापूर्वी सार्वमत घ्यावे, अशी घटनादुरुस्ती अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्य लुडलो यांनी सुचवली होती. जानेवारी १९३८ मध्ये ती सभागृहात चर्चेला घेण्याचा प्रस्ताव २०९ विरुद्ध १८८ मतांनी पडला. सरांनी हे दोन्ही आकडे फळ्यावर ठळक लिहिले आणि तास संपेपर्यंत पुसू दिले नाहीत.

या प्रवाहात गढूळ पाणीही होते, हे मला पुढे स्वतंत्र वाचनातून कळले. देशाने युद्धात उतरू नये म्हणून झटणाऱ्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे लाडके वक्ते, वैमानिक लिंडबर्ग यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या हाकाटीचा ठपका ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकारबरोबर ज्यूंवरही ठेवला. शांततेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या असंख्य प्रामाणिक माणसांचे या भाषणाने जेवढे नुकसान केले, तेवढे विरोधकांनाही साधले नसते.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही दिवसांतच ती समिती विसर्जित झाली. जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावाला प्रतिनिधिगृहात ३८८ मते पडली. विरोधात एकट्या जेनेट रँकिन, ज्यांनी १९१७ सालीही युद्धाविरुद्धच मत दिले होते. त्यांचा निर्णय सरांना मुळीच मान्य नव्हता. तरीही त्यांचे नाव ते नेहमी आदराने घेत.