छातीतली ती चकती

चौदाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जाणे एकाएकी बंद केले. पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकलो होतो आणि वरच्या धक्क्यावरून मुटका मारण्यात माझा हात धरणारे गावात फार नव्हते, त्यामुळे घरच्यांना नवल वाटले. पण कारण मी कोणालाच सांगितले नाही. उजव्या स्तनाग्राखाली रुपयाच्या नाण्याएवढी गाठ आली होती आणि शर्टाचे कापड घासले तरी ती दुखत असे. वर्षभरात डावीकडेही तसेच झाले. मी शर्टाच्या आत दोन बनियन घालू लागलो, दप्तर पोटाशी धरू लागलो आणि खांदे पुढे घेऊन चालू लागलो. "पोक काढून चालू नकोस," असे आई म्हणे. "खाणे कमी कर, जोर-बैठका काढ," असे वडील म्हणत. पुढे कॉलेजात असताना मी दोन वर्षे नेमाने धावलो, अकरा किलो वजन उतरवले आणि पोट सपाट केले. छाती मात्र तशीच राहिली, किंबहुना बाकीचे शरीर बारीक झाल्यामुळे अधिकच नजरेत भरू लागली.

एकोणतिसाव्या वर्षी एका शल्यविशारदांनी मला उताणे झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला लावून तपासले. अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंना ठेवून त्यांनी ती हळूहळू स्तनाग्राकडे आणली. आत नुसती चरबी असेल तर बोटे अडथळा न येता मध्यापर्यंत पोहोचतात. ग्रंथी वाढलेली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी, थोडी हलणारी चकती बोटांना लागते. मग त्यांनी माझीच बोटे तिथे ठेवली आणि ती चकती मला चाचपायला लावली. पंधरा वर्षे जिच्यासाठी मी स्वतःच्या जिभेला आणि आळसाला दोष देत आलो, ती चरबी नव्हतीच. या विकाराला गायनेकोमास्टिया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

स्तनग्रंथीचा थोडा अंश प्रत्येक पुरुषात असतो. इस्ट्रोजेन हे स्त्रियांत अधिक असणारे संप्रेरक (हॉर्मोन) तिला वाढवते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तिला आवरून धरते आणि वयात येताना या दोहोंचा तोल काही काळ ढळतो. म्हणूनच तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास निम्म्याच्या आसपास मुलांना थोडीफार वाढ जाणवते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. आईच्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बाळांचीही छाती फुगते. आपल्याकडे तेल लावताना ती पिळण्याची जी पद्धत आहे तिने जंतुसंसर्ग होऊन पू होऊ शकतो, तेव्हा ती पद्धत कृपया सोडून द्यावी. लठ्ठपणाचाही यात वाटा असतो, कारण चरबीतले अ‍ॅरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते. वजन उतरवल्याने चरबी जाते, परंतु जुनी झालेली ग्रंथी जात नाही.

इथे काळाला फार महत्त्व आहे. सुरुवातीला ही ग्रंथी मऊ असते, दुखते, आणि त्या अवस्थेत काही रुग्णांना डॉक्टर काही महिने टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी देतात. साधारण वर्षभरानंतर तिथे तंतुमय ऊतक तयार होते आणि मग कोणत्याही गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मी पंधरा वर्षे उशिरा गेलो होतो, म्हणून माझ्यापुढे शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरला नव्हता.

त्याआधी डॉक्टरांनी वृषणे तपासली. दारू, औषधे आणि व्यायामशाळेतली इंजेक्शने यांविषयी विचारले. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरकांसाठी रक्त तपासले. वृषणे तपासताना मी संकोचलो होतो. वृषणातल्या गाठीचे पहिले लक्षण क्वचित छातीतच दिसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रियेत बारीक छिद्रांतून आजूबाजूची चरबी ओढून घेतात आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात. स्तनाग्राखाली थोडा थर मुद्दाम ठेवावा लागतो, नाही तर तिथे खळगा पडतो. तपासणीला पाठवण्यापूर्वी त्यांनी मला बाटलीतल्या त्या चकत्या दाखवल्या: ओल्या खोबऱ्यासारख्या पांढरट आणि चिवट. पुढे सहा आठवडे घट्ट जाकीट घालावे लागले आणि स्तनाग्रांची संवेदना परतायला चार महिने लागले. रक्त किंवा पाणी साचणे, दोन्ही बाजू सारख्या न दिसणे, बधिरपणा कायम राहणे हे धोके असतात, ते आधी समजून घ्यावेत.

गेल्या वर्षी वडिलांची, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डावी छाती दुखू लागली. हृदयाच्या अशक्तपणासाठी त्यांना स्पायरोनोलॅक्टोन सुरू होते. त्यांनी तीन महिने दुखणे लपवले आणि शेवटी मनानेच गोळी बंद केली, तेव्हा पायांवर सूज चढली. हृदयरोगतज्ज्ञांनी स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन दिले आणि दुखणे हळूहळू निवळले. प्रोस्टेटसाठी घेतले जाणारे फिनास्टेराइड, मनोविकारांवरचे रिस्पेरिडोन अशा इतरही औषधांनी हे होऊ शकते. औषध बदलणे हे काम डॉक्टरांचे आहे, आपण होऊन ते थांबवू नये. वडिलांची मॅमोग्राफीही झाली. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी पुरुषांतले प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, तरी कडक आणि मध्यापासून बाजूला असलेली गाठ, ओढली गेलेली त्वचा, स्तनाग्रातून येणारे रक्त किंवा काखेतली गाठ दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

दिवाळीत बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, हा हल्ली पोहायला जात नाही रे." भाचा तेरा वर्षांचा आहे. मी त्याला माझे व्रण दाखवले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, "मामा, तुलाही दुखायचं?" दुसऱ्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ग्रंथी लहान आहे, बाकी तपासणी व्यवस्थित आहे, आणि दर सहा महिन्यांनी मोजून वाट पाहायची असे ठरले आहे. पुढची तारीख मे महिन्यातली आहे. तोवर तो टी-शर्ट घालून पोहतो, आणि तो काढायला त्याला कोणी सांगायचे नाही, असे मी घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.