अकरावा आठवडा: तळ अजून धुतोच आहे

नोव्हेंबरच्या सुरुवातीला करंजाच्या खाडीतून होडी वर घेतली, ती अजून ठोकळ्यांवरच आहे. २२ फुटी, १९८४ची, फायबरची. मेपर्यंत थांबलो असतो तर १ जूनला मासेमारी बंद होताच ट्रॉलर वर चढले असते आणि जागाच मिळाली नसती. पावसाळ्यात तळ वाळत नाही, हे वेगळंच.

कालवं आणि शेवाळ खरवडल्यावर पाणरेषेखाली फोड दिसले, काही रुपयाच्या नाण्याएवढे. एक टोचला तर चिकट पाणी निघालं, व्हिनेगरसारख्या वासाचं. लिटमस लाल झाला. पाणी तळात वर्षानुवर्षं मुरत राहतं, फायबर धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन थोडं थोडं फुटून आम्ल आणि ग्लायकॉल (पाणी ओढणारा चिकट द्रव) सुटतं, आणि मग ते द्रावणच जेलकोटमधून, म्हणजे तळाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, आणखी पाणी ओढून घेतं. दाब वाढला की फोड.

इथे माझे पाच आठवडे फुकट गेले. जेलकोट घासून काढला, वर ताडपत्री बांधली आणि वारा काम करेल म्हणून थांबलो. डिसेंबरचा कोरडा वारा असूनही तळ हाताला चिकटच लागे. कारण सरळ आहे: पाणी उडून जातं, ग्लायकॉल उडत नाही. ते तिथेच बसून हवेतला दमट अंश पुन्हा शोषतं. ते धुऊनच काढावं लागतं.

तेव्हापासून दर शनिवारी कडकडीत गरम गोड्या पाण्याने धुतो, ब्रशने घासतो, मग आठवडाभर वाळू देतो. दर वेळी पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी टेप लावून तळाला चिकटवतो. पहिल्या धुण्यानंतर दुसऱ्या सकाळी आत थेंब जमले होते. परवा उजव्या बाजूचा तुकडा कोरडा निघाला! डाव्या बाजूला कण्याजवळ अजून धुकं धरतं. ते जाईपर्यंत इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा, एकही हात देणार नाही. ओल्या तळावर इपॉक्सी म्हणजे ओल आतच कोंडणं.

डाव्या कुशीला तळहाताएवढा भाग ठोकल्यावर बद्द वाजत होता. थर सुटलेत, तो कापला. तळ तिथे ६ मिलिमीटर जाड, म्हणून बारास एक उतार (जाडीच्या बारापट रुंद) धरून चारी बाजूंनी ७ सेंटिमीटरपर्यंत घासलं. भोक लहान, जखम मोठी दिसते, पण पकड या उतारावरच मिळते. नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडे-धाग्यांची चटई) मी इपॉक्सीबरोबर वापरणार नाही. तिचे धागे धरून ठेवणारं बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतं आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. दोन दिशांना धागे शिवलेलं बायअॅक्सियल कापड आणलंय.

दुपारच्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होतं. म्हणून पसरट ट्रेमध्ये, थोडं थोडं, दव सुकल्यावर नऊच्या सुमारास. घासताना साधा कापडी मास्क चालत नाही, बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचाच हवा.

डावी बाजू कोरडी निघाली की पहिला थर.