आजीचे चौदा रुपये

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत कागलकडच्या एक आजी नातवाला घेऊन माझ्या पेढीवर आल्या आणि कनवटीची पुरचुंडी काउंटरवर सोडली. चौदा चांदीचे रुपये. बहुतेक काळे पडलेले. दोन रुपयांना माळेत ओवायला कधीकाळी कडी डाग देऊन बसवलेली.

"ह्ये मोडा आन् तीन नातींना सारखी नाणी द्या, लक्षुमीची."

नातू लगेच म्हणाला, "बरोबर ना काका? नवी ९९९ असतात, हजारात ९९९ भाग चांदी. ही जुनी काय टंचाची निघणार!"

लक्ष्मीचं नाणं म्हणतो आपण, पण ते नाणं नव्हेच. नाणी पाडायचा हक्क सरकारचा. आम्ही विकतो तो चांदीचा गोल तुकडा, त्यावर कारखान्याची छाप आणि भरवसा आमच्या बिलाचा. दुसऱ्या पेढीवर नेलात तर तिथला माणूस आधी टंच बघणार. जुन्या रुपयाची गोष्ट वेगळी. तो गुजरीत कुणालाही नुसता दाखवला तरी पुरतो, असं मी बोलून गेलो आणि रुपये काट्यावर टाकायला घेतले.

एक सोडला तर बाकी ११.६६ ग्रॅमच्या जवळपास, झिजेपुरता फरक. जुना एक तोळा म्हणजे हाच रुपया. आजीच्या तोंडी अजून 'रुपयाभार सोनं' असतं ते त्यामुळेच. पण वजनावर जाऊन चालत नाही. मी प्रत्येकाची कड उजेडाला धरली. नऊ रुपये राणीछाप, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे, कडेला सरळ उभे दाते. टंच ९१७ च्या आसपास, म्हणजे न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. चार मात्र सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे, कडेच्या मधोमध खाच असलेले. युद्धाच्या काळात सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, राजाही तोच, आणि आत जेमतेम ५.८३ ग्रॅम. एखाद्या सराफानं असं केलं असतं तर लोकांनी पेढी फोडली असती!

राहिला चौदावा. १८६२ ची राणी, सगळ्यांत चकचकीत. भरला ९.९ ग्रॅम. टंच मोजायच्या मशीनखाली ठेवला तर तांबं, निकेल, जस्त. चांदीचा पत्ता नाही. जर्मन सिल्व्हर.

मी मान वर केली तेव्हा पोरगा लाल झाला होता. आजी बाकावर पाणी पीत होत्या. तो वाकून पुटपुटला, "गेल्या दिवाळीला मीच दिलेला तिला. मोबाईलवर मागवला होता, अस्सल जुना म्हणून. सांगू नका काका."

खरं तर सगळेच मोडीत घेऊन नवी नाणी गळ्यात मारणं मला सोयीचं होतं. नव्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी लागतो, आणि गिऱ्हाईक मोडायला परत आलं की त्यातला छदाम मिळत नाही. पण त्या नऊंना भट्टीत घालायचं माझ्या जिवावर आलं. कडीवाले दोन त्यांच्यातच. संग्राहक त्यांना विचारणार नाही, चांदी मात्र कुठं जात नाही. मी म्हणालो, "आजी, खाचवाले चार तेवढे मोडू या. नातींना दहा-दहा ग्रॅमची तीन देतो, पक्क्या बिलावर. ह्या नऊंना हात लावू नका."

चार रुपयांत तेवीस ग्रॅमही शुद्ध चांदी भरली नाही. वरचे पैसे नातवानं मुकाट्यानं दिले.

आजींनी नऊ रुपये पुरचुंडीत मोजून घातले. मग चौदावा उचलला, पदरानं पुसला.

"ह्यो कसा लखलखतोय बघा. नातवानं दिलाय. उद्या पूजंत म्होरं ह्योच मांडती."

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मी बिल छापायला वळलो.