तुम्ही विचारलंत म्हणून : पॉलिश झालेला दगड ओळखायचा कसा?

हा प्रश्न बहुतेक वेळा फोटोसोबत येतो. तळहातावर एक चकचकीत दगड आणि खाली एकच ओळ, 'हा कोणता?' फोटोवरून फार थोडं सांगता येतं. रंगावरून तर जवळजवळ काहीच नाही, कारण जांभळा दगड अ‍ॅमेथिस्ट (जांभळी गारगोटी) असतो, फ्लुओराइट असतो आणि काचही असते. त्यामुळे ओळख शक्यतो दगड टंबलरमध्ये, म्हणजे फिरत्या बॅरलमध्ये दगड घासून चकचकीत करणाऱ्या यंत्रात, जाण्याआधीच करून घ्यावी.

कच्च्या दगडावर खुणा असतात. फुटलेली कड शिंपल्यासारखी वळणदार असेल तर अकीक, गारगोटी किंवा काच. सपाट, पायऱ्यापायऱ्यांनी फुटलेली असेल तर कॅल्साइट, फ्लुओराइट किंवा फेल्डस्पार. बाहेरची साल, स्फटिकाचे पैलू, मूळची चमक मेणासारखी की काचेसारखी, हे सगळं महिनाभराच्या घासणीत निघून जातं. म्हणून प्रत्येक घाण्यातला प्रत्येक जातीचा एक तुकडा न घासता, नाव लिहून बाजूला ठेवावा.

टंबलरलाही ही ओळख लागतेच. एका बॅरलमध्ये एकाच कठीणपणाचे दगड हवेत. मोहस मापावर अकीक, जास्पर, गारगोटी ७ च्या आसपास, फेल्डस्पार ६, फ्लुओराइट ४, कॅल्साइट ३. अकीकासोबत कॅल्साइट टाकलात तर अकीकाचे कोपरे जेमतेम बोथट होईपर्यंत कॅल्साइटचा चिखल झालेला असतो. तपासायला स्टीलचा चाकू पुरतो. तो कॅल्साइट आणि फ्लुओराइटवर सहज ओरखडा काढतो, गारगोटीवर मात्र नुसती करडी रेघ उमटते. बोटाने पुसून बघा. पुसली गेली तर ती चाकूच्या धातूची रेघ, दगडावरचा ओरखडा नव्हे. ग्रॅनाइटसारख्या मिश्र दगडाच्या नादी लागू नये. त्यातलं अभ्रक, फेल्डस्पार आणि गारगोटी वेगवेगळ्या गतीने झिजतात आणि पृष्ठभाग खडबडीतच राहतो.

घासणीचं गणित सरळ आहे. बॅरल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरायचा, लहानमोठे दगड मिसळून. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली. दीड किलोच्या बॅरलला ६०/९० नंबरचं सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे घासायची भरड पावडर (ग्रिट), साधारण चार मोठे चमचे. सात दिवसांनी उघडून पाहायचं. आकार मनासारखा आला नसेल तर नवीन ग्रिट घालून पुन्हा सात दिवस. मग त्याहून बारीक १२०/२२०, मग ५००, शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश, प्रत्येकी साधारण आठवडाभर. दगड झिजून बॅरल रिकामा वाटू लागला तर सिरॅमिकच्या गोळ्या घालून पातळी राखायची, नाहीतर दगड घासले न जाता एकमेकांवर आपटतात.

चमक आली नाही की लोक पॉलिशची पावडर बदलतात. दोष बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात असतो. चिरा आणि खळगे असलेला दगड तिथेच बाजूला काढायला हवा. त्या चिरेत ६० नंबरचे कण दडून बसतात, पॉलिशच्या बॅरलमध्ये सुटतात आणि अख्ख्या घाण्यावर ओरखडे पाडतात. प्रत्येक टप्प्यानंतर दगडांसोबत झाकण आणि बॅरलची कडही ब्रशने धुवा. पॉलिशसाठी वेगळा बॅरल ठेवता आला तर उत्तम. पुढच्या टप्प्यात जायचं की नाही हे दगड पूर्ण वाळवूनच ठरवायचं, कारण ओला दगड कुठलाही चमकतो. आणि बॅरलमधला गाळ सिंकमध्ये ओतू नका, तो पाइपात बसून दगडासारखा घट्ट होतो.

आता मूळ प्रश्न. दगड आधीच पॉलिश झालेला आहे, कच्चा तुकडा नाही आणि ओरखडा काढायचा जीव होत नाही. अशा वेळी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे घनता. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, पाण्याचा पेला आणि बारीक दोरा एवढंच लागतं. दगडाचं कोरडं वजन लिहून ठेवा. काट्यावर पाणी भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण पाण्यात सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. टेकला की त्याचं वजन काट्यावर येतं आणि मोजणी फुकट जाते. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा.

समजा जांभळ्या दगडाचं वजन ३१.८ ग्रॅम आहे. पाण्यातला आकडा १२.० आला तर घनता २.६५, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट जमतो. १०.० आला तर ३.१८, आणि तो फ्लुओराइट असायची दाट शक्यता. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तर घनता कमी दिसते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा. दोनतीन ग्रॅमच्या खड्यावर हा प्रयोग करू नका. तिथे ०.१ ग्रॅमची चूक सगळं उत्तर बिघडवते.

घनतेलाही मर्यादा आहेत. अकीक, जास्पर, अ‍ॅव्हेंच्युरीन सगळे २.६ च्या आसपास. मग दगडामागे टॉर्च धरायचा. अकीकाच्या पातळ कडेतून उजेड आत शिरतो, जास्परमधून नाही. कॅल्साइटही २.७१, म्हणजे गारगोटीला चिकटूनच, तिथे कुठेतरी न दिसणाऱ्या जागी चाकू लावण्यावाचून इलाज नाही. काच बऱ्याचदा २.५ च्या जवळपास निघते, पण १० पट भिंगाखाली तिच्यात गोल बुडबुडे सापडू शकतात. ओपलाइट आणि गोल्डस्टोन या नावांनी विकली जाते ती काचच. गोल्डस्टोनमधली चमचम तांब्याच्या बारीक स्फटिकांची.

भडक गुलाबी किंवा निळा अकीक दिसला की भिंग चिरांवर न्या. रंग चिरांमध्ये गडद साठला असेल तर तो रंगवलेला आहे. नखांच्या रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने बोळा भिजवून घासला तर काही रंग उतरतात. मात्र बोळा पांढराच राहिला म्हणून रंग अस्सल ठरत नाही, पक्के रंगही असतात. पिरोज्याच्या नावाखाली मिळणारा बराच माल रंगवलेला हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट असतो. आणि काळा, आरशासारखा 'हेमॅटाइट' चुंबकाला टपकन चिकटला तर तो कारखान्यात बनवलेला समजा. अस्सल हेमॅटाइट चुंबकाला फारशी दाद देत नाही, आणि बिनग्लेझच्या चिनीमातीवर घासल्यावर लालसर तपकिरी रेघ सोडतो.