वाघ नसलेल्या दिवसांतला नवेगावबांध

पावसाळ्यात नवेगावबांधला जाण्यात अर्थ नाही, असे नागपूरहून निघताना मला बजावण्यात आले होते. व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र तेव्हा पर्यटकांसाठी बंद असते आणि वाघच दिसणार नसेल तर गोंदिया जिल्ह्यापर्यंत जायचे कशाला, असा त्यामागचा हिशेब होता. साकोलीपर्यंतचा प्रवास आणि उकाडा यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. रात्री मात्र दमदार पाऊस झाला आणि निवासामागच्या, मुरूम काढून पडलेल्या खड्ड्यात पाणी साचताच बैलबेडकांनी असा गजर मांडला की झोपणे अशक्य झाले. विजेरी घेऊन गेलो, तर एरवी मातकट-हिरवे असणारे नर हळदीसारखे पिवळे झाले होते आणि गळ्याखालच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना साद घालत होते.

शेजारच्या खोलीतील कुटुंबाने मध्यरात्री तक्रार केली आणि व्यवस्थापकाने तत्परतेने उत्तर दिले, "सकाळी खड्ड्यात औषध टाकून देतो, साहेब." जंगलात राहायला यायचे आणि जंगलाचा आवाज नको म्हणायचे, हा प्रकार माझ्या समजुतीपलीकडचा आहे. मी त्याला सांगू लागलो, आणि बराच वेळ सांगत राहिलो, की असे तात्पुरते डबके बेडूक निवडतात ते तिथे अंडी खाणारे मासे नसतात म्हणून. अंड्यांना कवच नसते आणि बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यातले विष थेट त्याच्या अंगात भिनते. बैलबेडकाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात आणि त्यासाठी लाखो बेडूक मारले जात. ती निर्यात 1987 मध्ये बंद करावी लागली. व्यवस्थापकाने सगळे शांतपणे ऐकले आणि "मालकांना विचारतो" एवढेच म्हणाला.

सकाळी मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीवरून धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, उतरलो. कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याविषयी वेगळे लिहावे लागेल. त्या दिवशी माझे लक्ष पाण्यातल्या शेवाळावर चरणाऱ्या भैकेरांकडे, म्हणजे बेडकांच्या पिलांकडे होते. पऱ्ह्यांजवळ, म्हणजे धानाच्या रोपांजवळ, उभ्या असलेल्या एका वयस्क शेतकरी काकांनी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, धामण दाखवली. "बेडकं आहेत म्हणून हे आहे, भाऊ," ते म्हणाले, "अन् हे आहे म्हणून उंदीर कमी." बेडूक एकटा तुडतुडे किंवा खोडकिडा आवरू शकत नाही, हे खरे, पण रात्रभर फुकट किडे टिपणारा हा प्राणी दाणेदार औषधाने मारायचा आणि वाढलेल्या किडींसाठी पुन्हा औषध विकत घ्यायचे, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

बोलता बोलता खड्ड्याचा विषय निघाला, तेव्हा काका गंभीर झाले. खड्डा भरला की त्याचे पाणी त्यांच्याच बांधीत उतरत होते आणि तिथेच त्यांचे बैल पाणी पीत. ते तडक निवासावर आले आणि दोन मिनिटांत औषधाचा बेत रद्द झाला. माझ्या कायद्याचा दाखला तोपर्यंत मालकांपर्यंत पोहोचलाही नव्हता. तक्रार करणाऱ्या कुटुंबाला रस्त्याकडची खोली देण्यात आली. तिथे रात्रभर ट्रकचे भोंगे वाजतात, त्यांविषयी मात्र त्यांची काही तक्रार नव्हती.